कुलूप जगाचं, खर्च एका घराचा : मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासाची एक बाजू

आजचा विषय संगणकाचा आहे, पण ज्यांना संगणकातलं काही कळत नाही त्यांनी बिचकायचं कारण नाही. आज आपण यंत्रांबद्दल कमी आणि माणसांच्या घरखर्चाबद्दल जास्त बोलणार आहोत. प्रश्न अगदी साधा आहे. जी वस्तू सगळं जग एक पैसाही न देता वापरतं, ती चालू ठेवण्याचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जातो? गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एका माणसाच्या, एका कुटुंबाच्या पत्त्यावर जाऊन थांबतं. ते कसं, हे आपण तीन-चार उदाहरणांतून पाहू.

सुरुवात शब्दापासून करू, कारण या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, मुक्त आणि फुकट. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा त्यांना अभिप्रेत होतं ते मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे ज्याचा सोर्स कोड कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी एमआयटीतली नोकरी सोडली, ती आपण लिहिलेल्या कोडवर उद्या संस्थेने हक्क सांगू नये म्हणून. मग पोट कसं भरायचं? तर ईमॅक्स हा त्यांचा प्रोग्राम टेपवर भरून, टपालाने, १५० डॉलरला ते विकत असत. म्हणजे बघा, या चळवळीच्या पहिल्याच पानावर नोकरीचा त्याग आहे आणि त्याच पानावर विक्रीही आहे. मुक्त वस्तूला किंमत असू नये असं तिथे कोणी म्हटलेलं नव्हतं. पुढे इंटरनेट पसरलं, टेपची गरज उरली नाही, नक्कल करायला काही खर्च येईना, आणि हळूहळू मुक्त म्हणजे फुकट हेच सगळ्यांच्या डोक्यात बसलं. खर्च नाहीसा झाला नव्हता, तो फक्त दिसेनासा झाला.

आता आपण जर्मनीत जाऊ. १९९१ मध्ये अमेरिकेत फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला होता. ईमेल असा गुंडाळायचा की ज्याच्यासाठी आहे त्याच्याशिवाय कोणालाही वाचता येऊ नये, हे त्याचं काम. त्या काळी अमेरिकन कायद्यात असं एनक्रिप्शन शस्त्रास्त्रांच्या यादीत मोडत असे. त्यामुळे झिमरमन यांच्यामागे निर्यातीच्या गुन्ह्याची चौकशी लागली आणि ती जानेवारी १९९६ पर्यंत चालली. तेव्हा १९९७ मध्ये स्टॉलमन जर्मनीतल्या आखेन इथे आले असताना त्यांनी तिथल्या प्रोग्रामर मंडळींना सांगितलं, की अमेरिकेतल्या माणसांचे हात बांधलेले आहेत, तुमचे मोकळे आहेत, हे काम तुम्ही करा. ऐकणाऱ्यांमध्ये वर्नर कॉख होते. त्यांनी ते मनावर घेतलं. डिसेंबर १९९७ मध्ये पहिली आवृत्ती बाहेर आली, सप्टेंबर १९९९ मध्ये १.० ही आवृत्ती आली. हाच ग्नूपीजी, किंवा बोलण्यातला जीपीजी.

जीपीजीचं महत्त्व फक्त गुप्त पत्रं पाठवणाऱ्यांपुरतं नाही. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत नवं सॉफ्टवेअर उतरवून घेताना ते खरोखर त्यांच्याकडूनच आलं आहे, वाटेत कोणी त्यात काही मिसळलेलं नाही, हे जीपीजीच्या सहीवरून तपासलं जातं. जगभरातले असंख्य सर्व्हर असे चालतात. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी गुप्त ईमेल पाठवलेला नाही, तोही नकळत या प्रोग्रामच्या भरवशावर असतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रोग्राम लिहिणं हे काम छोटं, तो जिवंत ठेवणं हे मोठं. गावात विहीर खोदली की बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात. दर दोन-चार वर्षांनी त्यात उतरून गाळ काढणाऱ्याचं नाव कोणी कोरत नाही. पण गाळ काढला नाही तर विहीर राहते आणि पाणी जातं. सॉफ्टवेअरचंही तसंच. संगणक बदलतात, ऑपरेटिंग सिस्टीम बदलतात, जुनी गणिती कुलपं तोडण्याच्या नव्या युक्त्या निघतात, रोज कोणीतरी लिहितं की आमच्याकडे हे चालत नाही. प्रत्येक तक्रार वाचायची, पडताळायची, दुरुस्त करायची, आणि दुरुस्तीमुळे दुसरं काही बिघडलं नाही ना ते पाहायचं. हे करणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. या कामाला शेवट नसतो. आणि नवं काही बांधण्यासाठी एखादा तरी पैसे देतो, गाळ काढण्यासाठी कोणी देत नाही.

कॉख यांनी २००१ मध्ये स्वतःची छोटी कंपनी काढली आणि पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतलं. मधूनमधून कंत्राटं मिळत, त्यावर एखादा सहकारी ठेवता येई, पैसे संपले की त्याला सोडावं लागे. या सगळ्या वर्षांत त्यांची स्वतःची कमाई वर्षाला सरासरी २५,००० डॉलर एवढी होती. जर्मनीतला अनुभवी प्रोग्रामर नोकरीत याच्या कितीतरी पट मिळवतो. घरात पत्नी आणि लहान मुलगी. २०१३ च्या सुरुवातीला त्यांनी मनाशी ठरवत आणलं होतं की आता पुरे, सरळ नोकरी धरायची.

आणि नेमक्या त्याच वर्षी जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन प्रकरण बाहेर आलं. अमेरिकेची एनएसए ही संस्था किती मोठ्या प्रमाणावर पाळत ठेवते हे जगाला कळलं. ती कागदपत्रं पत्रकारांपर्यंत पोचण्याआधी स्नोडेन यांनी पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना गळ घातली होती की आधी एनक्रिप्शन शिकून घ्या, आणि चित्रपटकार लॉरा पॉइट्रस यांच्याशी त्यांचा संवाद झाला तो एनक्रिप्शनच्या आडूनच. कॉख यांनी विचार केला की ही काही सोडून जायची वेळ नव्हे. त्यांनी नोकरीचा बेत गुंडाळून ठेवला.

इतिहासाकडे पाहताना इथे थांबायला हवं. जगातल्या सर्वांत गाजलेल्या गौप्यस्फोटांपैकी एक ज्या प्रकारच्या साधनाच्या जोरावर झाला, ते साधन सांभाळणारा माणूस त्याच काळात नोकरीच्या जाहिराती पाहण्याच्या बेतात होता. साधनाचं महत्त्व आणि साधन सांभाळणाऱ्याची मिळकत यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नव्हता.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये कॉख यांनी देणग्यांसाठी आवाहन केलं. स्वतःला बऱ्यापैकी पगार आणि जोडीला एक पूर्णवेळ प्रोग्रामर, यासाठी सुमारे १,३७,००० डॉलर हवे होते. दोन महिन्यांत जमले ४३,०००. मग ५ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने जूलिया अँग्विन यांचा लेख छापला. जगाच्या ईमेलची सुरक्षितता एका माणसावर अवलंबून आहे आणि तो कफल्लक होत चालला आहे, असा त्याचा आशय. चक्रं अशी फिरली की एका दिवसात ठरवलेला आकडा ओलांडला गेला. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी दर वर्षी प्रत्येकी ५०,००० डॉलर देऊ केले. लिनक्स फाउंडेशनच्या एका निधीतून ६०,००० डॉलर मंजूर झाल्याचंही त्याच सुमारास कळलं.

गोष्ट इथे संपवली तर ती गोड होईल. पण मग विचारावं लागेल की ४ फेब्रुवारीला हे पैसे कुठे होते? प्रोग्राम तोच, माणूस तोच, कंपन्या त्याच. फरक एवढाच की कोणीतरी त्याच्या हलाखीची बातमी केली. म्हणजे ज्याची बातमी होत नाही त्याचं काय? आणि बातमी होण्याइतकी हलाखी यायची वाट पाहायची का?

वाट पाहिली तर काय होतं, याचं उत्तर त्याच्या आदल्याच वर्षी मिळालं होतं. आपण बँकेचं संकेतस्थळ उघडतो तेव्हा पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसायचं, आठवतं ना? त्या कुलपामागची यंत्रणा ज्या सॉफ्टवेअरने जगातले बहुसंख्य सर्व्हर चालवत, त्याचं नाव ओपनएसएसएल. ऑस्ट्रेलियातल्या दोन प्रोग्रामरांच्या १९९५ च्या सुमाराच्या कामातून १९९८ च्या अखेरीस हा प्रकल्प उभा राहिला. ७ एप्रिल २०१४ रोजी त्यातली एक चूक जाहीर झाली. तिला नाव मिळालं हार्टब्लीड.

चूक समजायला सोपी आहे. दोन संगणक एकमेकांशी जोडलेले आहेत ना, हे पाहण्यासाठी एक जण म्हणतो, हा शब्द मला परत पाठव, यात अमुक इतकी अक्षरं आहेत. दुसरा परत पाठवतो. आता एखाद्याने पाठवला पाच अक्षरांचा शब्द आणि सांगितलं की चौसष्ट हजार अक्षरं आहेत, तर? समोरच्याने मोजून पाहायला हवं. ओपनएसएसएल मोजत नव्हतं. ते शब्द आणि त्याच्या शेजारी स्मृतीत जे काही पडलं असेल ते सगळं उचलून देई. त्यात पासवर्ड असू शकत, कुलपाची किल्लीसुद्धा असू शके. ही चूक मार्च २०१२ पासून, म्हणजे दोन वर्षं, सर्वांच्या डोळ्यांसमोर उघड्या कोडमध्ये होती. सुमारे पाच लाख संकेतस्थळं तिच्या कचाट्यात होती.

मग जगाने विचारलं, हे सांभाळतं तरी कोण? ओपनएसएसएलच्या संस्थेचे स्टीव्ह मार्केस यांनी त्याच आठवड्यात हिशोब मांडला. वर्षाला साधारण २,००० डॉलर देणगी जमते. पूर्ण वेळ हेच काम करणारा माणूस एक, इंग्लंडमधले स्टीफन हेन्सन. बाकीचे आपापल्या नोकऱ्या सांभाळून. हार्टब्लीडनंतरच्या त्या आठवड्यात लोकांनी कळवळून देणग्या पाठवल्या, त्या भरल्या सुमारे ९,००० डॉलर. त्यात मोठ्या कंपन्यांची नावं शोधून सापडत नव्हती.

संस्थेला उत्पन्न अजिबात नव्हतं असं नाही. कंत्राटी कामं मिळत. पण जो पैसे देतो तो आपल्या गरजेपुरते देतो. एखाद्याला अमेरिकन सरकारी प्रमाणपत्र हवं असे, एखाद्याला नवी सोय. जुना कोड शांतपणे पहिल्यापासून वाचा आणि चुका शोधा, यासाठी पैसे देणारं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून चूक राहिली. ती लिहिणाऱ्याच्या आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटली हे खरं, पण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नजरेचा पगार कोणी भरला नव्हता, हे त्याहून खरं. २४ एप्रिल २०१४ रोजी गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन, आयबीएम अशा कंपन्यांनी मिळून एक सामाईक निधी जाहीर केला, प्रत्येकी वर्षाला एक लाख डॉलर, तीन वर्षं. कॉख यांना पुढे ६०,००० डॉलर मिळाले ते याच निधीतून. म्हणजे आग लागल्यावर विहीर खोदली. पण निदान खोदली तरी.

त्याच वर्षी जानेवारीत कॅनडातल्या कॅल्गरीहून आणखी एक हाक आली होती. ओपनबीएसडी या प्रकल्पाचे प्रमुख थिओ द राट यांच्या घराच्या तळघरात प्रकल्पाची यंत्रं चालत. त्यांचं विजेचं बिल वर्षाला सुमारे २०,००० डॉलर. ते भरायला पैसे नाहीत, प्रकल्प बंद पडेल, असं सांगावं लागलं. आता या लोकांनी जगाला काय दिलं होतं? ओपनएसएसएच. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्यासाठी आज जगभरचे तंत्रज्ञ हेच वापरतात. आणि अडलं होतं कशावर, तर लाइट बिलावर! एका उद्योजकाने २०,००० डॉलर दिले आणि ती वेळ निभावली.

इथपर्यंत आपण पैशाबद्दल बोललो. आता दुसऱ्या खर्चाबद्दल, जो कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

फिनलंडमध्ये लासे कॉलिन हे एक्सझेड नावाचा प्रोग्राम अनेक वर्षं एकट्याने सांभाळत होते. फाइली दाबून लहान करण्याचं काम. दिसायला किरकोळ, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रात बसलेला. २०२१ मध्ये 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदत करू लागलं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तगादा सुरू झाला: कामं रखडली आहेत, तुम्हाला रस उरलेला नाही, दुसऱ्या कोणाला तरी अधिकार द्या. कॉलिन यांनी उत्तर दिलं ते फार प्रांजळ आहे. रस संपलेला नाही, पण बराच काळ मानसिक आरोग्याच्या अडचणी असल्याने फारसं लक्ष देता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. आणि हेही लिहिलं की हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, एवढं ध्यानात असू द्या. अखेर त्या मदतनिसाला अधिकार मिळाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत त्या मदतनिसाने चोरदरवाजा दडवला होता. तो ओपनएसएसएचपर्यंत पोचत होता. ज्याच्याकडे ठरावीक किल्ली त्याला जगातल्या असंख्य सर्व्हरांत शिरता आलं असतं. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने तो उघडकीला आणला. कशावरून? लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं म्हणून. नेहमीच्या वापरातल्या स्थिर आवृत्त्यांमध्ये तो पोचायच्या आत पकडला गेला.

या घटनेचा अर्थ नीट पाहा. हल्लेखोराने आधी कोडमधली फट शोधली नाही. त्याने थकलेला माणूस शोधला. एकट्याने ओझं वाहणारा, ज्याला कोणी आभार मानत नाही, अशा माणसाजवळ कोणी दोन वर्षं गोड बोलत उभं राहिलं तर तो किल्ली देणारच. आपणही दिली असती. म्हणजे स्वयंसेवकाची दमछाक ही त्याची खाजगी बाब राहत नाही. ती सगळ्यांच्या घराच्या भिंतीला पडलेली फट असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाकाऊ नाही. यांना कोणी बळजबरी केली होती का? स्वतःच्या हौसेने सुरू केलं, परवाना स्वतःच मुक्त ठेवला, मग तक्रार कसली? बरोबर आहे, सुरुवात हौसेनेच होते. पण हौस ही सुरू करण्याची असते. वीस वर्षांनी ज्या गोष्टीवर इस्पितळं आणि बँका चालतात, ती सोडून जाणं म्हणजे हौस सोडणं नसतं. तिथे जबाबदारी चिकटलेली असते, आणि ती जबाबदारी वापरणाऱ्यांनी चिकटवलेली असते. शिवाय त्याच परवान्यात हेही लिहिलेलं असतं की या सॉफ्टवेअरला कोणतीही हमी नाही. फुकट घेताना आपण परवान्याचा पहिला भाग वाचतो, आणि तक्रार करताना हा दुसरा भाग विसरतो.

दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की सगळीकडे असंच चित्र नाही. लिनक्स कर्नलचं बहुतेक काम आज कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर करतात. म्हणजे मुक्त असणं आणि उपाशी असणं यांचं काही अतूट नातं नाही. जिथे वस्तू मोठी आणि नाव मोठं, तिथे पैसा पोचतो. अडतं ते लहान, खोल दडलेल्या, कंटाळवाण्या भागांचं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने अंदाज केला आहे. जगात वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर एकदा नव्याने लिहून काढायचं तर सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. पण ते नसतंच, आणि प्रत्येक कंपनीला आपापलं बनवावं लागलं असतं, तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलरपर्यंत गेला असता. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे जगाला झालेला फायदा. त्यातला किती वाटा मेंटेनरच्या घरी गेला, ते आपण आत्ता पाहिलंच.

मग उपाय काय झाला? कॉख यांच्याच कहाणीचा शेवट इथे उपयोगी पडतो, कारण तो देणगीत नाही. जर्मन सरकारच्या गोपनीय कामकाजाला चालेल अशी मंजुरी मिळालेली जीपीजीची आवृत्ती त्यांच्या कंपनीने आधारसेवेसह विकायला सुरुवात केली. सोर्स कोड मुक्तच राहिला. आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता कंपनीचं भागतंय, ज्यांनी दर महिन्याची देणगी लावून ठेवली आहे त्यांनी ती बंद करावी. पंचवीस वर्षांनी हा माणूस लोकांना सांगतो की पुरे, आता पैसे नकोत! स्टॉलमन यांच्या दीडशे डॉलरच्या टेपपाशीच आपण परत आलो. मुक्त ठेवा आणि मोबदला घ्या.

सरकारंही हळूहळू जागी होत आहेत. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड सुरू केला, तो अशाच पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी. आपल्याकडे बंगळुरूच्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना द्यायचं जाहीर केलं. ज्याच्यावर धंदा उभा केला त्याचं देणं लागतो, हा त्यामागचा सरळ हिशोब. अशा कंपन्या अजून बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

आम्हाला शेवटी एकच सांगायचं आहे. 'त्याग' हा शब्द आपल्याला फार आवडतो, आणि आवडतो म्हणूनच तो जपून वापरायला हवा. एखाद्याला त्यागमूर्ती म्हटलं की त्याचं देणं चुकवल्यासारखं वाटतं. कॉख, हेन्सन, कॉलिन यांना मोठेपण देऊन आपण मोकळे झालो, तर पुढच्या हार्टब्लीडची तयारी आपणच करतो आहोत. तुमच्यापैकी जे कंपन्यांत काम करतात त्यांनी एवढंच करावं: आपण कुठकुठल्या मुक्त प्रकल्पांवर उभे आहोत याची यादी करावी, आणि त्यातले किती एकट्या माणसाच्या खांद्यावर आहेत ते पाहावं. जे नुसते वापरतात त्यांनी तक्रार लिहिण्याआधी लक्षात घ्यावं की पलीकडे बहुधा दिवसभराची नोकरी करून रात्री बसलेला कोणीतरी आहे. पैसे देता येतील तर द्या. नसतील तर निदान तगादा लावू नका. गाळ काढायला विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर वरून कोणीतरी धरावा लागतो, तो कापायचा नसतो.

आता प्रश्न घेऊ या.